पदवीच्या पहिल्या वर्षाला मराठी लेखन: अन्न, निवारा, निसर्ग यांवरच्या वाचनातून शिकवायचं तर कसं?

खडूफळा:
नमस्कार मंडळी. शिकवणाऱ्यांशी बोलायचं आहेच, पण लिहिण्यावर ज्यांचा जीव आहे त्यांनीही यावं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला 'एईसी'चे, म्हणजे भाषेची क्षमता वाढवण्यासाठीचे पेपर आले. मराठीचा पेपर असेल तर २ श्रेयांक, म्हणजे ३० तास. वर्गात ८० मुलं धरा. कला, वाणिज्य, विज्ञान सगळी एकत्र. बऱ्याच जणांनी दहावीनंतर सलग दोन परिच्छेद मराठीत लिहिलेले नसतात.

कविता-कथांचा संग्रह लावून 'लेखकाचा परिचय लिहा' विचारण्यापेक्षा तीन घटक घ्यावेत असं मनात आहे: अन्न, निवारा, निसर्ग. प्रत्येकाला ९ तास, उरलेले ३ तास पुनर्लेखनाला. आधी उतारा वाचायचा, मग त्याच प्रकारचं लिहायचं. या तीन गोष्टींबद्दल प्रत्येक मुलाला काहीतरी पक्कं ठाऊक असतं, ते कागदावर उतरवणं एवढंच शिकवावं लागेल, असा विचार त्यामागे आहे.

प्रश्न असे: घटकांचा क्रम काय असावा? कोणते उतारे? व्याकरण कुठे बसवायचं? आणि ८० मुलांचं तपासायचं कसं? धोका दिसतो तोही सांगते. 'अन्न' म्हटलं की निबंध 'अन्न हे पूर्णब्रह्म' पासून सुरू होतो आणि आईच्या हातच्या चवीवर संपतो. मधे काहीच नसतं.

माजघर:
क्रम तुम्ही लिहिलाय तोच ठेवा. अन्न पहिलं, कारण त्यात कृतीलेखन येतं आणि कृतीलेखनाला खरी कसोटी असते. वाचून दुसऱ्याला ते करता आलं पाहिजे. आलं नाही तर लेखन चुकलं, यात मतभेदाला जागा नाही.

पहिला स्वाध्याय पक्वान्नावर देऊ नका. ज्वारीची भाकरी द्या. वर्गात निम्म्यांना वाटतं ती सोपी आहे, आणि लिहायला बसलं की कळतं किती पायऱ्या गळतात. एका भाकरीला साधारण वाटीभर पीठ, कडक गरम पाणी, तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं मळणं, परातीत थापणं, पीठ लागलेली बाजू वर करून तव्यावर टाकणं, वरून पाणी फिरवणं, ते सुकत आलं की उलथणं, शेवटी आचेवर शेकणं. बहुतेक मुलं 'पीठ मळून भाकरी थापावी व भाजावी' एवढ्यात मोकळी होतात.

मग दुसरा परिच्छेद सक्तीचा: काय बिघडतं आणि का. कडा फाटतात, कारण ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. गरम पाण्याने स्टार्च चिकट होतो, तोच काय तो पिठाला धरून ठेवतो. पाणी कोमट असलं, मळणं कमी पडलं किंवा पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे चिकटपणा गेलेला असला की थापताना तडे जातात. वरचं पाणी पूर्ण वाळू दिलं तर पृष्ठभागाला भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. हा परिच्छेद लिहिताना मूल 'का' या प्रश्नाला पहिल्यांदा भिडतं.

व्याकरण इथेच. मळून, मळताना, मळल्यावर, मळेपर्यंत. चार कृदन्तं, म्हणजे धातूपासून झालेली रूपं, आणि चार वेगळे काळसंबंध. 'पाणी सुकल्यावर उलथावी' आणि 'पाणी सुकत आल्यावर उलथावी' यांत अख्खी भाकरी बिघडण्याचा फरक आहे. कृदन्ताची व्याख्या फळ्यावर लिहून हे समजत नाही. तव्यावर समजतं.

शेंगपोळी:
+१. 'सुकल्यावर' आणि 'सुकत आल्यावर' हे उद्याच वापरते.

लालपेन:
माजघर, तपासण्यासाठी एक पद्धत जोडतो. वह्यांची अदलाबदल करायची. वाचणाऱ्याने फक्त तीन खुणा करायच्या. जिथे अडेल तिथे 'किती?', 'कधीपर्यंत?' किंवा 'कशाने?' एवढंच समासात लिहायचं. 'छान आहे', 'आवडलं' लिहायला बंदी. २५० शब्दांच्या मजकुरावर पहिल्या खेपेला अशा दहा-बारा खुणा सहज पडतात. दुसऱ्या खर्ड्यात त्या सगळ्यांची उत्तरं आली पाहिजेत.

आणि वाचनासाठी एकच पदार्थ दोन काळांतल्या पुस्तकांतून घ्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. मधल्या साठ वर्षांत शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले, घरोघरी वाटी-चमचा हे माप रूढ झालं. लेखिका वाचणाऱ्याला काय येतं असं धरून चालते, ते दोन्ही पुस्तकांत शोधायला लावा. 'नेहमीप्रमाणे फोडणी करावी' हे वाक्य कुणासाठी पुरेसं आहे आणि कुणासाठी नाही? वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिणं म्हणजे काय, ते याहून सोपं करून सांगता येत नाही.

जुनी मापं बदलायला लावलीत तर एक सांभाळा. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम हे सरसकट लावू नका, शेर प्रांताप्रांतात वेगळा होता.

कोरडवाहू:
थोडा विरोध नोंदवतो. अन्न हा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून सोपा विषय असं इथे गृहीत धरलं जातंय. वर उल्लेख झालेली दोन्ही पुस्तकं मोलाची आहेत, पण तेवढीच वाचायला दिली तर वर्गातल्या बऱ्याच मुलांना दुसऱ्यांच्या स्वयंपाकघराबद्दल लिहावं लागेल.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) सोबत ठेवाच. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीबद्दल आहे. शीर्षकातच वाद आहे आणि खडूफळा यांनी सांगितलेल्या त्या ठरावीक पहिल्या वाक्याला ते थेट उत्तर आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, तेलाचा जपून वापर, हे सगळं तपशिलाने येतं. 'रुचिरा'तली एक कृती आणि यातली एक कृती शेजारी ठेवून विचारा: कुठला घटक विकत आणलाय, कुठला मिळवलाय, कुठला साठवलाय? कुठल्या पदार्थाला पुस्तकात जागा मिळायला किती वर्षं गेली? इथून युक्तिवादाचं लेखन सुरू होतं. कृतीलेखनावर थांबू नये.

पण एक पथ्य कडकपणे पाळा. 'तुमच्या घरी काय शिजतं ते लिहा' असा स्वाध्याय कधीही देऊ नका. वर्गात वह्या फिरणार आहेत. कुणी काय खातं यावरून आडनावापर्यंत आणि जातीपर्यंत पोचायला वर्गाला दोन मिनिटं लागतात. पर्याय खुले ठेवा: खाणावळीतला पदार्थ, गाडीवरचा वडापाव, शेतात जाणारी शिदोरी, यात्रेतला फराळ. ज्याला घरचं लिहायचं आहे तो आपणहून लिहील.

माजघर:
कोरडवाहू, मान्य. पथ्याबद्दल तर शंभर टक्के. भाकरी मी त्यासाठीच निवडली होती, पण तीही कोकणातल्या तांदळाच्या घरात वेगळी निघते. 'कोणतीही रोजची भाकरी, पोळी किंवा भात' असं स्वाध्यायात लिहिते.

माळव्याचा_वाफा:
शब्दांबद्दल कुणी बोललं नाही अजून. ८० मुलांत पाच बोली असतात. एकाची भाजी, दुसऱ्याचं माळवं, तिसऱ्याचं कोरड्यास. विदर्भातलं मूल 'शेवटी वरून सांबार घालावा' लिहितं आणि पुण्याचं मूल भाजीवर डाळीचं सांबार ओततं, कोथिंबीर राहते बाजूला. :)

यावर लाल रेघ मारू नका. नियम असा करा की बोलीतला शब्द ठेवायचा, आणि पहिल्यांदा येतो त्याच वाक्यात त्याचा अर्थ वाचकाला उलगडला पाहिजे. तोही कंस न वापरता. 'सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत लावलेल्या भाज्यांच्या वाफ्यात...' अशी वाक्यं मुलं पहिल्या दिवशी अडखळत लिहितात, आठवड्याभरात हात बसतो. बोली टिकते आणि व्याख्या कशी करायची तेही जमतं.

शेंगपोळी:
सांबार वाचून हसू आवरेना. आमच्याकडे 'शेवटी' म्हणजे ताटात वाढताना, त्यामुळे गोंधळ आणखी वाढेल.

चौसोपी:
निवाऱ्याबद्दल लिहितो. माजघर यांच्या क्रमाला माझा विरोध आहे, निवारा पहिला घ्या. अन्नाबद्दल मुलं लगेच हळवी होतात, घराच्या मापांबद्दल होत नाहीत. मोजपट्टी हातात दिली की विशेषणं आपोआप गळतात.

पद्धत: आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १ फूट धरून एका खोलीचा आराखडा काढायचा. दार कुठल्या भिंतीत, कुठे उघडतं, खिडकी जमिनीपासून किती उंच. मग आराखडा न दाखवता २०० शब्दांत वर्णन. शेजारच्याने फक्त ते वर्णन वाचून आराखडा काढायचा. दोन्ही कागद उजेडासमोर एकमेकांवर धरायचे. जिथे भिंत सरकली तिथलं वाक्य चुकलंय. नव्वद टक्के वेळा चूक एकाच प्रकारची असते. लिहिणारा 'उजवीकडे' लिहितो, पण कुठे उभं राहून उजवीकडे ते सांगत नाही. दृष्टिकोन म्हणजे काय ते इथे शिकवा, कथेच्या तासाची वाट पाहू नका.

त्यानंतर क्रमाचे तीन प्रकार: चालत जाण्याचा (उंबरा, ओसरी, माजघर, परसू), नजरेचा (खालून वर, डावीकडून उजवीकडे) आणि वापराचा (पाणी कुठून येतं कुठे जातं, धूर कुठून बाहेर पडतो). तिसरा सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी.

आता वाचन. कार्यकारणासाठी किल्लारीचा भूकंप घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, तीव्रता ६.२, सुमारे ८ हजार माणसं गेली. एवढ्या तीव्रतेच्या धक्क्याला इतकी माणसं का गेली याचं उत्तर घराच्या बांधणीत आहे. माळवदाची घरं. छतावर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात घर गार ठेवणारा. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं आणखी माती पडत गेलेली, म्हणजे वजन वाढत गेलेलं. खाली गोल दगड आणि चिखलाच्या जाड भिंती. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर, आणि त्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. धक्का बसला तेव्हा दोन्ही थर एकमेकांपासून फुटले, भिंत ढासळली आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. उलट जिथे लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर छत पेललेलं होतं तिथे बऱ्याच घरांच्या भिंती पडूनही छत उभं राहिलं.

मुलं पहिल्यांदा लिहितात, 'घरं जुनी होती म्हणून पडली.' ही एक कडी झाली. साखळीत किमान पाच कड्या हव्यात, आणि दोन कड्यांमधे 'त्यामुळे', 'परिणामी', 'कारण', 'असं असूनही' यांतला नेमका शब्द हवा. 'म्हणून' सगळीकडे चालत नाही. ते निवडायला शिकणं हाच या घटकाचा गाभा.

सातभाई:
चौसोपी, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. दोन कागद उजेडासमोर धरण्याची कल्पना फार आवडली.

कोरडवाहू:
पुन्हा तेच पथ्य, घरासाठीही. 'तुमच्या खोलीचा आराखडा' म्हटलं की वसतिगृहात आठ जणांत राहणारं मूल आणि तीन बेडरूमच्या घरातलं मूल शेजारी बसून एकमेकांचे कागद बघणार. सार्वजनिक जागा द्या. एसटी स्टँडचा फलाट, महाविद्यालयाचं उपाहारगृह, ग्रंथालयाचा कोपरा, सायकल स्टँड. मोजणीही सगळ्यांना एकत्र पडताळता येते.

ज्याला 'घर' या शब्दाच्या आत शिरायचं आहे त्याला लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तला (१९८०) पालातल्या, म्हणजे तंबूतल्या जगण्याचा भाग वाचायला द्या. गाढवाच्या पाठीवर अख्खा संसार मावतो तेव्हा 'निवारा' या शब्दाची व्याख्या नव्याने करावी लागते. तिथे मुलांना मौखिक चर्चेला २० मिनिटं ठेवा, लेखन लगेच मागू नका.

गॅलरी_क्रमांक_३:
युक्तिवादासाठी मुंबईतल्या बीडीडी चाळी. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. म्हाडाच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर. आकडे पाठ झाले की मुलांना वाटतं वाद संपला, १६० पेक्षा ५०० मोठे. मग विचारा: स्वतंत्र संडास मिळाल्याने बाईच्या पहाटेच्या वेळापत्रकात काय बदललं? सामाईक गॅलरी गेल्याने म्हाताऱ्या माणसाच्या दुपारी काय बदललं? उंच इमारतीत देखभालीचा मासिक खर्च कोण भरणार? दोन्ही बाजूंना तीन-तीन मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा कुणाच्या बाजूने बोलतोय ते लिहायचं.

एक चूक हमखास होते. 'चाळ संस्कृती लोप पावत आहे' या वाक्यापासून परिच्छेद सुरू होतो. ते वाक्य खोडून दुसऱ्या वाक्यापासून सुरू करायला सांगा. बहुतेक वेळा परिच्छेद तिथेच जिवंत होतो.

तंतोतंत:
मला हे सगळं वाचून आनंद वाटला, पण शंका आहे. ही मुलं उद्या नोकरीच्या बाजारात उभी राहणार. त्यांना अर्ज, इतिवृत्त, अहवाल, ई-मेल यायला हवं. ३० तासांत भाकरी आणि माळवद बसवून या गोष्टी राहिल्या तर नुकसान मुलांचं आहे. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेतही बऱ्याचदा उपयोजित लेखनच विचारतात.

लालपेन:
तंतोतंत, रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की प्रत्येक घटकाच्या शेवटी एक उपयोजित कागद ठेवायचा आणि त्याचा मजकूर घटकातूनच घ्यायचा.

अन्नाच्या शेवटी बचत गटाच्या चटणीच्या पुडीवरचं लेबल आणि सोबत ८० शब्दांची माहिती. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे मुलाला आधी कृतीतली मापं नीट ठरवावी लागतात. निवाऱ्याच्या शेवटी नगरपालिकेला तक्रारअर्ज: गटार तुंबलंय, पाणी कुठून येतं, कुठे साचतं, किती दिवस. ज्याने एसटी स्टँडचं वर्णन नीट केलंय त्याला हा अर्ज दहा मिनिटांत जमतो. निसर्गाच्या शेवटी वृक्षतोडीला हरकत घेणारं पत्र. शहरांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आहे आणि पत्र वृक्ष प्राधिकरणाकडे जातं. त्यात झाडाची जात, बुंध्याचा घेर, जागा आणि हरकतीचं कारण द्यावं लागतं. 'झाडे लावा झाडे जगवा' तिथे कामाला येत नाही.

इतिवृत्त तर कृतीलेखनाचंच भावंड. काय झालं, कुठल्या क्रमाने, कुणी ठरवलं.

तंतोतंत:
लेबलची कल्पना पटली. अर्जाचा नमुना पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं. वाणिज्यच्या मुलांना खर्च आणि विक्रीची किंमतही काढायला लावता येईल. हरकत मागे घेतो.

सातभाई:
निसर्ग हा तिन्हींत सगळ्यात अवघड घटक आहे, कारण तिथे लिहिण्याआधीच शब्द तयार असतात. 'हिरवा शालू', 'निसर्गाची मुक्त उधळण'. पहिल्या तासाला फळ्यावर बंदीची यादी लिहा: सुंदर, रम्य, विलोभनीय, मनमोहक, नयनरम्य, अल्हाददायक. (शेवटचा शब्द 'आल्हाददायक' असा हवा, तेही त्याच तासाला सांगून टाकायचं.)

स्वाध्याय निरीक्षणवहीचा. आवारातलं एक झाड. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी १० मिनिटं. लिहायचं फक्त जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं, वास आला. 'पक्षी होते' चालणार नाही, किती होते, कुठल्या फांदीवर, काय करत होते. नाव माहीत नसेल तर आकार आणि रंग. चिमणीपेक्षा मोठा की लहान, एवढंही पुरे.

वाचनात दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६). महिन्यागणिक एक असे बारा लेख आहेत. सत्र जूनमधे सुरू होत असेल तर आषाढ-श्रावणाचे लेख घ्या, म्हणजे वाचलेलं खिडकीतून ताडून बघता येतं. डिसेंबरच्या सत्राला माघ-फाल्गुन, तेव्हा काटेसावर, पळस, पांगारा फुललेले सापडतात. वाचताना मुलांना रंगाचे सगळे शब्द अधोरेखित करायला सांगा. 'लाल' या एका शब्दावर न थांबता लिहिणारी व्यक्ती किती छटांपर्यंत जाते ते कळतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' (१९८२) वानरांच्या टोळीबद्दल आहे. वर्तन कसं लिहावं, प्राण्याच्या तोंडी माणसाचं मन न घालता, याचा पाठ म्हणून दोन पानं पुरतात.

आणि लोणार. जून २०२० मधे सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पातळी उतरून क्षारता वाढली आणि हॅलोआर्किया या क्षार मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने रंग आला. एकाच घटनेवर तीन मजकूर लिहून घ्या: १०० शब्दांची बातमी, शास्त्रीय कारण सांगणारा परिच्छेद आणि काठावर उभं राहून केलेलं वर्णन. तिन्हींत पहिलं वाक्य काय असेल यावरच एक तास सहज जातो.

परसदार:
सातभाई, अन्न आणि निसर्ग जोडणारा एक स्वाध्याय सुचवते: रानभाज्या. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, कर्टुली. पावसाळी सत्राला बाजारात बसणाऱ्या बायकांशी बोलून एका भाजीचा परिचय लिहायचा. कुठे उगवते, कुठल्या आठवड्यात निघते, कुठला भाग खातात, कुठला काढून टाकतात. शेवळं घ्या. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक घशाला खाजवतात, म्हणून आतला पिवळा भाग काढतात आणि काकडं किंवा चिंच-कोकम अशी आंबट जोड देतात. इथे एक पायरी गाळली तर वाचणाऱ्याचा घसा धरतो. स्वाध्यायावर मोठ्या अक्षरात लिहा: रानातून स्वतः तोडून चाखायचं नाही, ओळख जाणत्या माणसाकडून, भाजी बाजारातून.

वेलांटी:
व्याकरणाचा प्रश्न अर्धाच सुटलाय. शुद्धलेखनासाठी या विषयांत खजिना आहे आणि कुणाचं लक्ष नाही! पीठ-पिठाला, मीठ-मिठाचं, दूध-दुधात, तूप-तुपात, गूळ-गुळाचा, तीळ-तिळाचे, चूल-चुलीवर. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा दीर्घ स्वर सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो हा नियम अख्खा स्वयंपाकघरात सापडतो. निवाऱ्यात वीट-विटांची, निसर्गात फूल-फुलाचा, मूळ-मुळाशी, पीक-पिकाला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना हा नियम लागू नाही (गीत-गीताला), ते नंतर सांगा. आणि 'आणि' ऱ्हस्व, कारण तो शेवटचा स्वर दीर्घ लिहिण्याच्या नियमाला अपवाद आहे. मुलं 'आणी' लिहितात ती बाकीचा नियम पाळतात म्हणून, हे त्यांना सांगितलं की त्यांना बरं वाटतं.

शेंगपोळी:
पीठ-पिठाला! इतकी वर्षं हा नियम 'उपान्त्य' या शब्दाच्या भीतीनेच डोक्यात शिरला नव्हता.

लालपेन:
तपासणीचा हिशेब मांडतो. ८० मुलं, ६ स्वाध्याय, प्रत्येकी ८ मिनिटं म्हणजे ६४ तास. ३० तासांच्या पेपरला हे कुणालाच जमणार नाही आणि चौथ्या स्वाध्यायानंतर नुसत्या सह्या होतात. म्हणून सहापैकी दोनच पूर्ण तपासा: साधारण २१ तास. बाकीचे चार 'किती, कधीपर्यंत, कशाने' पद्धतीने मुलांकडून.

गुण दहापैकी: माहितीचा नेमकेपणा ४, क्रम आणि जोडणी ३, वाक्यरचना २, शुद्धलेखन १. शुद्धलेखनाच्या चुका फक्त पहिल्या परिच्छेदात दाखवा, उरलेल्या चुका मुलाने स्वतः शोधायच्या.

वेलांटी:
शुद्धलेखनाला एकच गुण? किमान २ हवेत. एक गुण सोडून द्यायला मूल सहज तयार होतं.

लालपेन:
वेलांटी, पहिल्या खर्ड्याला १, अंतिम खर्ड्याला २ आणि तेव्हा नेमकेपणाचे ३. कारण पहिल्या खर्ड्यात वेलांटीच्या भीतीने मुलं माहीत असलेला शब्द टाळतात आणि सोपा, खोटा शब्द लिहितात.

वेलांटी:
हे चालेल.

नवशिका:
आंतरजालावरून किंवा एआयकडून लिहून आणलं तर? ८० वह्यांत ओळखायचं कसं?

चौसोपी:
ओळखण्याच्या मागे लागू नका, पुरावे मागा. आराखड्याचा कागद, मोजमापाची नोंद, निरीक्षणवहीची तारीख-वेळ असलेली पानं, समासात खुणा असलेला पहिला खर्डा. हे सगळं अंतिम लेखाला टाचून द्यायचं. पहिला खर्डा वर्गातच, २५ मिनिटांत, हाताने. तुमच्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडला किती खांब आहेत आणि तिसऱ्या खांबापाशी पाणी का साचतं हे कुठल्याही यंत्राला ठाऊक नाही.

खडूफळा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची आठ पानं भरली. क्रमाबद्दल मात्र दोन मतं पडली आहेत, अन्न पहिलं की निवारा पहिला. आणि निसर्ग शेवटी ठेवला तर निरीक्षणाला चारच आठवडे मिळतात, त्यात झाडावर बदल काय दिसणार?

सातभाई:
निसर्गाचं लेखन शेवटी, निरीक्षण पहिल्या आठवड्यापासून. दुसऱ्या तासालाच झाड वाटून द्या आणि दर आठवड्याची १० मिनिटं तासाबाहेर ठेवा. अकराव्या आठवड्यात घटक सुरू होईल तेव्हा प्रत्येकाकडे नऊ-दहा नोंदी तयार असतील. जूनच्या सत्रात आवारात सातवीण असेल तर ती जरूर कुणाला तरी द्या. ऑक्टोबरच्या सुमाराला फुलते आणि संध्याकाळी वास इतका दाटतो की न लिहून भागत नाही. पहिल्या पानावर 'काही विशेष नाही' लिहिणारं मूल सातव्या पानावर मुंगळ्यांची रांग मोजत असतं.

माजघर:
हे उत्तम. आणि चौसोपी यांचं ऐकून मीही मत बदलते. मोजणीचा आराखडा पहिल्या दोन तासांत घ्या, नुसता सराव म्हणून. मग भाकरी. मापाची सवय लागली की 'अंदाजाने पाणी घालावे' लिहिताना हात थबकेल.

खडूफळा:
मग असं ठरवते. आठवडा १: सायकल स्टँडचा आराखडा आणि झाडांचं वाटप. २ ते ५: अन्न, कृतीलेखन, धुरंधर-ओगले-पाटोळे उतारे, शेवटी लेबल. ६ ते १०: निवारा, किल्लारी आणि बीडीडी, शेवटी तक्रारअर्ज. ११ ते १४: निसर्ग, 'ऋतुचक्र', लोणार, हरकतपत्र. १५: पुनर्लेखन. पूर्ण तपासायचे दोन म्हणजे किल्लारीचा कार्यकारण परिच्छेद आणि झाडावरचा लेख.

एकच अडचण. आवारात मोजून नऊ झाडं आहेत आणि मुलं ८०.

परसदार:
एका झाडाला नऊ जण द्या, पण प्रत्येकाला वेगळा भाग: बुंधा, साल, खालची माती, एक ठरावीक फांदी, पानांची खालची बाजू, येणारे पक्षी, मुंग्या-किडे, सावली कुठवर पडते, आणि झाडाखाली थांबणारी माणसं. फांदीला सुतळी बांधून खूण करा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात फांदीच सापडत नाही. तार बांधू नका, सालीत रुतते.